ढोके मॅडमचा समुद्र

चार माणसं प्रवासाला गेली की किस्से होतात पाच, आणि घरी आल्यावर त्यांचे पंधरा होतात. फेब्रुवारीत आम्ही समुद्र पाहून आलो, तेव्हापासून पांढुर्ण्यातल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात पेन घ्यायला आलेला माणूस अर्धा तास तरी टेकतोच. पण सांगायचं म्हटलं तर सुरुवात निरोप समारंभापासून करावी लागते.

ढोके मॅडमनी आमच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यांची एक आकृती अर्ध्या गावाला पाठ आहे. डावीकडे जमीन, मग खाऱ्या पाण्याचं सरोवर, मग वाळूचं लांबट बेट आणि पलीकडे समुद्र. सहावीत मी हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही समुद्र पाहिला का?"

"हो, पाहिला ना," मॅडम म्हणाल्या. मी खूश होऊन वहीत निळा रंग भरला.

समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग मॅडम माईकपाशी आल्या आणि म्हणाल्या, की सहावीत दिलीपला मी खोटं सांगितलं होतं. समुद्र मी पाहिलेला नाही. तेव्हापासून ती आकृती काढताना दरवर्षी हात जड होतो. एवढं बोलून त्या खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्या की नाही, कोणालाच कळेना. दिलीप म्हणजे मीच. तिसऱ्या रांगेत बसून मी डोळे पुसत होतो.

\*

मॅडमना समुद्र दाखवायचा, असं आम्ही ठरवलं. त्यांची अट एकच होती. भेळवाल्यांची चौपाटी नको, फळ्यावरचंच बेट पाहिजे. शोधता शोधता ते ओडिशात सापडलं. वनखात्याचं राखीव बेट, वस्ती नाही, दुकान नाही. परवानगी काढून दोन तंबूंत राहायचं.

माझा वर्गमित्र विजय येणार होता, पण ऐन वेळी संत्र्याचा तोडा, म्हणजे फळं उतरवायचं काम, निघालं. त्यानं आपल्या बदल्यात आईवडील पाठवले, शांताकाकू आणि गुलाबकाका. काकांची बाग तिगावला, आणि नागपूरच्या पुढे दोघांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी सगळ्यांना जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला नेलं. तिथला मारुती निजलेला आहे, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. शांताकाकूंनी हात जोडले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "देव निजून राहिला, अन् समुद्राले तुम्ही चालले!"

\*

सरोवर ओलांडून होडी बेटाला लागली. समोर वाळूचं टेकाड, आणि त्याच्यामागून आवाज. एवढा मोठा आवाज आणि दिसत काहीच नाही, हे मी जन्मात अनुभवलं नव्हतं. काका-काकू आणि मी सामान टाकून टेकाडाकडे धावलो. मॅडम मात्र होडीपाशीच थांबल्या. म्हणाल्या, तुम्ही या जाऊन, मी उद्या पाहीन.

टेकाडावर चढून काकांनी समुद्र पाहिला आणि आधी पायातल्या चपला काढल्या. मग खाली उतरून नमस्कार केला आणि खिशातलं संत्रं पाण्यात सोडलं. तिकडून वनखात्याचे गार्डबाबू हातवारे करत आले. इथे काही टाकायचं नाही, फुलसुद्धा नाही, असं ते हिंदीत समजावत होते, तेवढ्यात लाटेनं संत्रं आणून काकांच्या पायाशी ठेवलं.

काकांनी ते कपाळाला लावलं, सोललं आणि अर्धं गार्डबाबूंच्या हातावर ठेवलं. "घ्या साहेब. त्यानं परसाद देल्ला."

गार्डबाबूंनी खाल्लं. सालं काकांनी खिशात टाकली. ती शांताकाकूंच्या देव्हाऱ्यात अजून आहेत.

\*

दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा म्हणाल्या, उद्या. त्या सरोवराच्या काठाला बसून राहिल्या, टेकाडाकडे पाठ करून. चहा द्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "दिलीप, इतक्या पोरांना शिकवलं रे. पलीकडे वेगळंच काही निघालं तर?" टेकाड दोनशे पावलांवर होतं, आणि मॅडमना ते सातपुड्याएवढं झालं होतं.

त्याच सकाळी काकांनी एक पराक्रम केला. शेतकरी माणूस, हात रिकामा राहवत नाही. तंबूभोवतीची जांभळ्या फुलांची वेल त्यांनी मुळासकट उपटून नीट ढीग घातला. गार्डबाबूंनी ते पाहिलं आणि मटकन खालीच बसले.

"तन काढून राहिलो ना साहेब," काका म्हणाले.

मग मॅडमनीच उठून काकांना समजावलं. ही मर्यादावेल. वाऱ्यानं वाळू उडते, ती या वेलीनं धरून ठेवलेली असते. ही गेली तर बेट जातं. काकांचा चेहरा उतरला. धुऱ्यावरचं गवत काढलं की बांध फुटतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. दुपारभर उन्हात बसून त्यांनी एकेक कांडी परत लावली, प्रत्येकीला आळं केलं, आणि प्यायच्या पाण्यातला स्वतःचा वाटा त्यांना घातला. आता दर रविवारी गार्डबाबूंना फोन जातो. वेल धरली का, एवढंच विचारायचं असतं.

\*

तिसऱ्या दिवशी दुपारी होडी परत न्यायला येणार होती. उजाडताच काका ओरडत आले, की रात्री कोणीतरी बेटावर ट्रॅक्टर चालवला! आम्ही जाऊन पाहिलं. तंबूपासून वीस पावलांवर वाळूत खरंच चाकांची उमटावी तशी नक्षी होती, दोन हात रुंद अशा दोन ओळी, सरळ टेकाडावर गेलेल्या.

गार्डबाबू वाकले आणि त्यांचा आवाजच बदलला. ही कासवीण. अंडी घालायला समुद्रातून येते. पण टेकाड ओलांडून इतक्या आत आलेली त्यांनीही कधी पाहिली नव्हती. अंडी कुठे आहेत ते त्यांनी लांबूनच दाखवलं, आणि ही दुसरी ओळ परत जातानाची, असं सांगितलं. काकूंनी पदर डोक्यावर घेतला. आम्ही सगळे कुजबुजायला लागलो, जणू घरात बाळंतीण निजली आहे.

मॅडम खाली वाकून ती ओळ पाहत होत्या. वल्ह्यासारखे पाय इथे टेकले, पोट इथे घासलं, इथे दमून थांबली, असं स्वतःशीच बोलत त्या ओळीच्या कडेनं चालू लागल्या. मान खाली, पदर खोचलेला. टेकाड चढल्या, उतरल्या. आम्ही मागे होतो, कोणीही हाक मारली नाही. ओळ ओल्या वाळूत आली आणि संपली. मॅडमच्या पायांवरून पाणी गेलं.

तेव्हा त्यांनी मान वर केली.

किती वेळ गेला कोण जाणे. लाटा येत होत्या, मॅडमच्या साडीचे काठ भिजत होते, आणि काकांनी पुन्हा चपला काढल्या होत्या. मग मॅडमनी मागे न पाहताच मला हाक मारली.

"दिलीप, आता विचार."

 मी सहावीतल्यासारखा हात वर केला. "मॅडम, तुम्ही समुद्र पाहिला का?"

एक लाट आली, दुसरी आली, तिसरी गुडघ्यापर्यंत आली.

"थांब रे बाबू," त्या म्हणाल्या. "पाहून राहिली."