म्हातारीचं वाक्य

साम्यवाद कोसळल्यानंतरच्या दिवसांवरचा तो युरोपीय सिनेमा काल आईला पुन्हा दाखवला. फिल्म क्लबात पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबा होते. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून पडद्याखालची वाक्यं ते तिच्या कानात मराठीत सांगत होते. काल त्यांच्या जागी मी बसले.

दुकानं मालाने भरलीत, तरी एक म्हातारी सवयीने दाराबाहेर उभी राहते. "आजी, आता रांग नसते," दुकानदार सांगतो. ती म्हणते, "जन्मभर रांगेत उभे राहिलो, पण पुढे दुकानच नव्हतं."

बाबांचा सारा जन्म लाल झेंड्याखाली गेला. हे वाक्य त्यांनी तेव्हा नक्की गिळलं असणार, असं मला वाटलं. मी मात्र सांगून टाकलं.

आई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "हो, हेच म्हणाले होते हे. आवाज बसला होता, पण शब्दन् शब्द सांगितला."

आपल्यालाच लागणारं वाक्य बायकोच्या कानात जसंच्या तसं सांगणारा बाप मला मिळाला. डोळे भरून आले, पडद्याखालची अक्षरं दिसेनात.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "तेही इथेच थांबले होते. सांग पुढचं."