हळद लागलेली पोस्टकार्डं

"आण इकडे तो चष्मा."

असं म्हणेपर्यंत चष्मा आपल्या नाकावरून त्यांच्या हातात गेलेला असायचा. मग काडी वाकवायची, स्क्रू पिळायचा, स्वेटरच्या टोकाने काचा पुसायच्या, आणि तोंडाने बोलणं चालूच. समोरचा माणूस डोळे बारीक करून निमूट ऐकत उभा. नाकावर चष्मा नसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, हे वहिनींना हॅनोव्हरच्या चष्म्याच्या दुकानात सगळी नोकरी काढून पक्कं कळलं होतं. तुम्हीही कधी चष्मा काढून भांडून बघा, म्हणजे पटेल.

आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. मूळच्या बार्शीच्या. लग्न केलं ते जर्मन माणसाशी, पण नवऱ्याला अहो म्हणायचं काही सोडलं नाही. "अहो डीटर, ऐकलंत का?" अशी हाक तिसऱ्या मजल्यावरून अंगणात यायची आणि ताडमाड डीटरभाऊ हातातल्या कचऱ्याच्या पिशव्या सावरत "या, या", म्हणजे जर्मनमधलं हो, हो, म्हणत वर बघायचे. आधी ते गेले. मागच्या शरद ऋतूत वहिनीही गेल्या. ह्या देशात माणसं सख्ख्या बहिणीकडेसुद्धा टेर्मिन घेऊन, म्हणजे आधी वेळ ठरवून, जातात. न कळवता आमच्या दाराची बेल वाजवणारी ती एकच बाई होती, आणि आता बेल वाजली की पार्सलवालाच असतो.

पण मला आज त्यांच्या जाण्याबद्दल नाही लिहायचं. मला लिहायचंय त्या हिवाळ्याबद्दल, ज्या हिवाळ्यात आमच्यापैकी कुणी धड जेवलं नाही आणि धड बसलंही नाही. काय दिवस होते ते!

नीनो माझ्या मुलीच्या, सईच्या वर्गातली. जॉर्जियाची. अगदी लहान असताना आईचं बोट धरून इथे आली. आईचा व्हिसा संपला, आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत आई तशीच राहिली. कागद कसलेच नाहीत. पण मुलगी शाळेत गेली, कारण इथली शाळा मुलांच्या कागदांची चुगली करत नाही. मग एका नोव्हेंबरात तिची आई ओल्या पानांवरून घसरली, पाय मोडला, हॉस्पिटलात गेली आणि सगळं उघड झालं. दोघींनी देश सोडावा असा हुकूम निघाला. नीनोची आबिटूर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, वसंतात होती. जॉर्जियन भाषा तिला आईशी बोलण्यापुरतीच यायची. लिहिता येत नव्हती.

आणि गाव पेटलं! ट्राममध्ये तोच विषय, बेकरीत तोच विषय. इथे वाढलेल्या अशा मुलांना राहू द्यावं की न द्यावं? आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एरवी चकलीची भाजणी आणि भाड्याची घरं ह्यापलीकडे गाडी जात नाही. तिथेही जुंपली. "आपण रीतसर आलो, ह्यांनी का नाही?" हा सूर मोठा होता. आमच्या घरात तर तो माझ्या नवऱ्याचाच होता.

"ब्लू कार्डच्या परवान्यासाठी किती खेटे घातलेत आपण, वहिनी," निखिल स्वयंपाकघरात उभा राहून तावातावाने सांगत होता. "रांगेत उभे राहिलो. मग मधेच घुसणाऱ्यांना—"

"निखिल, घसरतोय बघ. आण इकडे."

चष्मा गेला. निखिल मऊ पडला.

"आल्झो, तर मग मला सांग," काडी वाकवत वहिनी म्हणाल्या, "चार वर्षांची पोर कुठल्या रांगेत उभी राहणार होती रे? आईने सांगितलं चल, ती चालली. तुझी सई नाही आली तशीच? तिला कुठे विचारलं होतंस तू?"

"पण नियम, वहिनी..."

"गेनाऊ, अगदी बरोबर. नियम आईने मोडला. पोरीने काय मोडलं?"

चष्मा परत मिळाल्यावर निखिलने भांडी पुसायला घेतली, ही त्यातल्या त्यात नवलाची गोष्ट.

डिसेंबरात शाळेच्या सभागृहात जाहीर चर्चा झाली. खुर्च्या संपल्या, लोक खिडक्यांत बसले. एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "मुलगी गुणी आहे, मान्य. पण आज हिला राहू दिलं तर लपून राहण्याला आपण बक्षीस दिल्यासारखं होईल." अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत बसलेली नीनो आपल्या बुटांकडे बघत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

वहिनींनी हात वर केला, आणि माइक यायची वाट न बघता सुरुवात केली.

"मी चष्मे विकायचे. फळ्यावरचं दिसत नाही हे सांगायला मुलं घाबरतात. वर्षवर्ष गप्प बसतात, शेजाऱ्याच्या वहीत बघून लिहितात. पहिला चष्मा लावला की माझ्या दुकानात कितीतरी मुलं रडायची. ही मुलगी इतकी वर्षं गप्प बसली, मैत्रिणींच्या घरी झोपायला गेली नाही, सहलीला गेली नाही, कुणी नाव विचारलं तर घाबरली. ह्याला तुम्ही बक्षीस म्हणता?"

टाळ्या वाजल्या. पण त्यांनीच निकाल लागला असं समजू नका. गृहस्थही आपल्या मतावर ठाम राहून घरी गेले.

वाट काढली ती वर्गशिक्षिकाबाईंनी. जी माणसं कायद्यात बसत नाहीत, पण ज्यांना हाकलणं फार निर्दयपणाचं होईल, अशांसाठी इथे राज्याची एक समिती असते. तिचं जर्मन नाव एवढं लांब की उच्चारताना माणूस दमतो, म्हणून आम्ही तिला नुसतं समिती म्हणायचो. बाईंनी अर्ज दिला. निकाल लागेपर्यंत मायलेकींना कुणी हलवणार नव्हतं. गावातल्या लोकांनी तिच्या बाजूने लिहिलं तर समिती तेही बघणार होती.

वहिनींना एवढं पुरे होतं. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू त्यांनी आपल्या घरी ठेवलं, आणि नीनोला व तिच्या आईलाही बोलावलं.

काय गर्दी होती! जिन्यात बुटांचा ढीग, आत सिल्कच्या साड्यांवर लोकरीचे स्वेटर. कुबडी घेऊन आलेल्या नीनोच्या आईला आमच्या प्राचीने कोचावर नीट बसवलं, हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. मग वहिनींनी वाणाची परडी फिरवली. दरवर्षी त्या डबी, गाळणी असलं काहीतरी द्यायच्या. ह्या वेळी परडीत पोस्टकार्डं होती, तिकीट लावलेली.

"हे काय हो वहिनी?" प्राचीने विचारलं.

"वाण. समितीला लिहायचं, ही मुलगी इथे का राहावी ते. आत्ताच. पेनं टेबलावर आहेत."

प्राची मंडळाची अध्यक्ष. कामाला वाघीण, मनाने प्रेमळ, पण ग्रुपवर "रीतसर" हा शब्द सगळ्यांत जास्त वेळा तिनेच लिहिला होता. तिने परडी तशीच पुढे सरकवली. "वहिनी, रागावू नका. मला ह्या दोघींबद्दल वाईट वाटतं. पण नियम तो नियमच ना? आपणच अपवाद करायला लागलो तर कसं व्हायचं?"

वहिनींनी तिचा चष्मा मागितला नाही. प्राची चष्मा लावत नाही. त्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"प्राची, डीटर गेले त्या वर्षी मी हळदीकुंकवाला येत नव्हते. आठवतं?"

"हो."

"नवरा गेलेल्या बाईने यायचं नाही, हा आपला रीतसर नियम. माझ्या आईने पाळला, मावशीने पाळला. मीही पाळणार होते. दार लावून बसले होते. कोण आलं होतं दारात?"

प्राचीचे डोळे भरले. "मी."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, वहिनी, तुम्ही नाही तर हळदीकुंकू नाही."

"आणि दारातच मला कुंकू लावलंस. नियमाला विचारायला गेली नव्हतीस. मी आमच्यातली आहे, एवढंच बघितलंस." वहिनींनी तिचा हात हातात घेतला. "म्हणून मी आज इथे बसलेय. नाहीतर रीतसर मी ह्या खोलीत बसतच नाही."

नीनोला मराठीतलं अक्षर कळलं नव्हतं. तरी ती वहिनींकडे टक लावून बघत होती. प्राचीने पदराने डोळे पुसले, परडी स्वतःकडे ओढली आणि दोन कार्डं घेतली. मग जी झुंबड उडाली! "अगं, 'कळकळीची विनंती'ला जर्मनमध्ये काय म्हणतात?" "माझं नाव कुठे लिहू?" "नीनो, तुझ्या नावात एन किती?" कुणी तिच्या हँडबॉलबद्दल लिहिलं, कुणी आपल्या मुलाला ती गणित समजावते ते लिहिलं, आणि सत्तरीच्या एका आजींनी तर स्वतःचं सगळं चरित्रच लिहून काढलं आणि शेवटच्या ओळीत नीनोला आणलं.

आता पुढे जे झालं ते फक्त आपल्याच बायका करू शकतात.

शुभकार्याचं पत्र कोरं पाठवायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. कुणीतरी आपल्या कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. तिचं बघून शेजारणीने, मग सगळ्यांनीच. लग्नाच्या पत्रिकेला लावतो तसं, सढळ हाताने. गठ्ठा पाकिटात घालून मीच पोस्टात टाकला, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव आणि नंबर घालून.

दोनेक दिवसांनी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. पोलीस! समितीच्या ऑफिसात पाकीट उघडल्यावर पिवळी आणि लाल पावडर टेबलभर सांडली होती. खोली रिकामी केली होती. अग्निशमन दल आलं होतं. मी घामाघूम होऊन वहिनींना फोन लावला.

"वहिनी, पोलीस विचारतायत पावडर कसली आहे!"

"मग सांग की हळद आहे."

"सांगितलं. त्यांना पटत नाहीये."

"बरं. पत्ता पाठव. मी निघाले."

मी पोहोचले तेव्हा वहिनी एका तरुण पोलिसापुढे उभ्या होत्या. घरचा हळदीचा डबा उघडून त्यांनी बोटभर हळद चाटून दाखवली, मग कुंकवाचा करंडा दाखवला, आणि लग्नपत्रिकेपासून संक्रांतीपर्यंत सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा गंभीर चेहऱ्याने टिपून घेत होता. शेवटी वहिनींनी हात पुढे केला. "तुमचा चष्मा डावीकडे कललाय. आणा इकडे." आणि खरं सांगते, त्याने दिला.

पण ही इष्टापत्तीच ठरली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात हळदीची बातमी आली, तिच्यात नीनोचं नाव आलं, आणि ज्यांना तिची गोष्ट माहीत नव्हती अशा शेकडो लोकांनी लिहायला सुरुवात केली. आमच्या बेकरीवालीने कार्ड लिहिलं आणि मला विचारलं, "ते पिवळं लावायलाच लागतं का?"

मार्चमधल्या एका दुपारी सईचा फोन आला. ही आमची मुलगी, मराठी सगळं समजतं पण उत्तर देणार जर्मनमध्ये. त्या दिवशी मात्र फोनवर चक्क मराठीत ओरडत होती, "आई, राहतेय ती! राहतेय!"

मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. शाळेच्या पटांगणात सगळा वर्ग नीनोला घेऊन उड्या मारत होता. तिची आई कुबडी टाकून शिक्षिकाबाईंच्या गळ्यात पडली होती. प्राची पेढे घेऊन आली होती. निखिल आला होता, आणि उगाचच काचा पुसत होता. फक्त वहिनी नव्हत्या.

त्या सकाळीच कोलोनला गेल्या होत्या. अशा सगळ्याच विद्यार्थ्यांना राहू देणारा कायदा करावा की नाही, ह्यावर तिथे जाहीर चर्चा होती. आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, निकालापर्यंत तरी थांबा. तर म्हणाल्या, "एकीचं पोस्टकार्डांवर भागेल गं. पण दर पोरासाठी किती हळदीकुंकवं करू? ह्यांना दया नको, नियमच हवा."

मी फोन लावला. मागे सभागृहाचा गलका ऐकू येत होता.

"वहिनी, झालं! राहतेय नीनो!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तिला दे."

नीनोने फोन कानाला लावला. "या, या" म्हणत ऐकत राहिली. हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. फोन परत देताना म्हणाली, "पेढा खा आणि लगेच अभ्यासाला बस म्हणाल्या. परीक्षा जवळ आली आहे म्हणे."

"वहिनी, लवकर या हो परत," मी म्हटलं. "तुमच्याशिवाय मजा नाही."

पलीकडे माइकवरून कुणीतरी त्यांच्या नावाचा अडखळत पुकारा करत होतं.

"ठेवते गं," वहिनी घाईने म्हणाल्या. "माझा नंबर आला बोलायचा."