साहेब पाच मिनिटांत पोहोचत आहेत

किसनरावांच्या मयतीत मी माइकवरून सांगितलं, ‘साहेब निघाले आहेत, पाच मिनिटांत पोहोचत आहेत, कोणीही जागा सोडू नये.’ साहेब माझ्यासमोरच, हाताभरावर, झेंडूच्या हारांखाली निजलेले होते.

मला सांगायचं होतं एवढंच की अंत्ययात्रा थोड्या वेळात निघेल. तेवढ्यासाठीच त्यांच्या थोरल्यानं माझ्या हातात माइक दिला होता. पण मागच्या रांगेतली माणसं खिशात गाडीची चावी चाचपायला लागली होती, आणि माणसं उठताना दिसली की माझ्या तोंडातून दुसरं काही निघतच नाही. कोणी हसलं नाही. उठलेली माणसं मात्र परत खाली बसली... सवयीनं, माझ्यासारखीच.

आदिलाबादेत रेल्वे फाटकापलीकडे माझं माइक-मंडपाचं दुकान आहे. फाटकापलीकडच्या या वस्त्यांना नगरपालिका गाव म्हणायची आणि पंचायत शहर म्हणायची, त्यामुळे नळ दोघांकडूनही येत नव्हता. किसनराव तेव्हा इथंच वांगी-टमाटे पिकवायचे. नळासाठी भांडता भांडता ते आधी सरपंच झाले आणि मग आमदार, तेही दोनदा. पहिल्या सभेपासून भोंगे माझेच. आणि पहिल्या सभेपासून ते उशिराच आले. तामसी गावाकडून निघाले की रस्त्यात कोणीतरी हात दाखवायचं. कोणाची पेन्शन अडलेली, कोणाचा बैल पाय टेकत नाही. साहेब जीपमधून उतरायचे, बैलाचा पायसुद्धा स्वतः उचलून बघायचे. इकडे लोक कंटाळून उठायला लागले की मी ‘पाच मिनिटांत’ सुरू करायचो, आणि तेही पुरलं नाही की माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचे किस्से सांगायचो. एका लग्नात चालू माइकसमोर मी व्याह्यांच्या वरणाला नावं ठेवली होती, तो किस्सा तर पार बोथ गावच्या लोकांनाही पाठ होता. एकदा साहेब आले तेव्हा माझा किस्सा अर्ध्यावर होता. लोकांनी त्यांनाच खाली बसवलं. तेही बसले, पोट धरून हसले आणि मग भाषणाला उठले.

हैदराबादच्या विधानसभेत नळाबद्दल पहिल्यांदा बोलायचं ठरलं तेव्हा त्यांना घाम फुटला. भाषण तेलुगूत करायचं होतं, आणि यांची तेलुगू भाजीबाजारापुरती. सराव करायला त्यांनी मला घरी बोलावलं. मी खोलीत माइक लावला, दार लावून घेतलं, आणि गच्चीवर आदल्या दिवसाच्या हळदीचा भोंगा तसाच जोडलेला आहे हे विसरलो. साहेब आतल्या आत, हळू आवाजात, हैदराबादच्या अध्यक्षांना विनवत होते आणि सगळी वस्ती ऐकत होती. दार उघडलं तर अंगणाच्या फाटकाशी ही गर्दी. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वायरीच गुंडाळायला लागलो. पण गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, ‘सगळं बराबर बोलले, आमच्या गल्लीचं नाव तेवढं राह्यलं.’ साहेबांनी तिथंच ते नाव घातलं. हैदराबादला जाऊन तसंच बोलून आले, आणि पुढे केव्हातरी त्या गल्लीत पाणीही आलं.

मग ते निवडणुकीत पडले. पुढच्या खेपेला पुन्हा पडले. पडण्याचं दुःख त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण मला ते घड्याळात दिसलं. साहेब वेळेच्या आधी यायला लागले. लग्न असो, बारसं असो, जयंती असो... माझी पोरं अजून बांबू रोवत असायची आणि साहेब येऊन उभे. खुर्च्या उतरलेल्या नसायच्या, म्हणून माझ्या स्पीकरच्या लाकडी पेटीवर बसायचे. एकदा न राहवून मी विचारलं, ‘साहेब, इतक्या लवकर काऊन?’

रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, ‘लेका, आता रस्त्यात कोनी थांबवत नाई.’

त्यानंतर ती पेटी मी कोणाला देईनासा झालो. कार्यक्रम नसला तरी ते संध्याकाळी दुकानात येऊन तिच्यावर बसायचे. मी वायरी जोडायचो, ते रस्ता बघायचे. एकदा नव्या आमदारांच्या सभेत मी ‘पाच मिनिटांत’ चालवलं होतं, पोटापाण्याचा धंदाच तो. साहेब शेजारी पेटीवर बसलेले. हळूच म्हणाले, ‘माह्या येळेस याच्याहून जोरात बोलत होता तू.’ मी आवाज थोडा आणखी कमी केला. तेवढंच हातात होतं माझ्या.

आता संध्याकाळी ती पेटी रिकामी असते. मी दुकानात एकटाच माइक तपासत बसतो, आणि हॅलो हॅलो म्हणताना मान आपोआप तिकडे वळते.

परवा वहिनी, म्हणजे किसनरावांच्या मंडळी, बाजारातून जाताना दुकानात आल्या. मी खुर्ची पुढे केली तर त्या पेटीवरच बसल्या. मयतीतल्या त्या बोलण्याची माफी मागायची राहिलीच होती. मी सुरुवात केली, पण माइक नसला की मला बोलता येत नाही, हेही तेव्हाच कळलं.

वहिनी म्हणाल्या, ‘तुमी बोलले, तं मी अंगणाच्या फाटकाकडं पाह्यलं, भाऊजी. सगळे माह्याकडं पाहून राह्यले होते, अन् मी फाटकाकडं.’

मी खाली मान घालून वायर गुंडाळत राहिलो. त्या बराच वेळ रस्ता बघत बसल्या. मग पिशवी उचलली, आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या,

‘तुमाले खोटंबी धड बोलता येत नाई. पाच मिनिटं कवाच होऊन गेले.’