एच. आर. इंटरव्ह्यू, तळमजला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझी लिंक तुटते. आणि हा घोटाळा मला स्वतःलाच अजून धड कळलेला नाही, तर लिंक तुटल्यावर तुम्हाला काय कळणार?

मी मूळचा अमळनेरकडचा. सिल्वासात येऊन नऊ वर्षं झाली. नरोलीत एका धाग्याच्या कंपनीत टाइम ऑफिसला आहे. म्हणजे कोण किती वाजता आला, कोण लवकर सटकला, कोणाची रजा, कोणाची दांडी, हे बघणारा माणूस. नऊ वर्षं लोकांचं येणं-जाणं बघतोय. मी मात्र खुर्चीला चिकटलेला! एच. आर. मध्ये बढती पाहिजे तर मास्टर्सची डिग्री पाहिजे, असा आमच्याकडे नियम. दोनदा माझ्या डोक्यावर बाहेरची माणसं आणून बसवली. त्यातल्या एकाला तर हजेरीचं मशीन मीच शिकवलं.

शेवटी आमच्या मंगलाने, म्हणजे बायकोने, तोंड उघडलं. "दुसऱ्यांच्या रजा लिहिता लिहिताच रिटायर होणार का तुम्ही?"

तिनेच मोबाइलवर कोर्स शोधला. मनुष्यबळ व्यवस्थापन, दोन वर्षं, शनिवार-रविवार, नोकरी करणाऱ्यांसाठी. फॉर्मही तिनेच भरला. मी फक्त फोटोपुरता. पंधरा दिवसांनी मेसेज आला: रविवारी सकाळी अकराला मुलाखत, प्रवेशाचा शेवटचा दिवस, वेळेवर हजर राहावे.

नऊ वर्षांत मी एकही मुलाखत दिली नव्हती. म्हणून मी सल्ला घेतला जिग्नेशचा. जिग्नेश आमच्या स्टोअरमध्ये आहे. त्याने अशा दोन मुलाखती दिल्या होत्या आणि दोन्हींत नापास झाला होता. म्हणजे अनुभवी!

"दिलीपभाई," तो म्हणाला, "वो लोग जान-बूझ के उल्टा-सीधा पूछेगा. तमारे गभरावानुं नहीं. हँसते-हँसते जवाब देने का. बाद में ग्रुप डिस्कशन होगा, उसमें जो पहला बोलेगा वो लीडर. लीडर को ही सीट मिलती है."

हे वाक्य मी मनावर कोरून घेतलं. तिथेच माझा घात झाला.

रविवारी मेव्हण्याच्या लग्नात घेतलेला लाल टाय घातला, हातात फाइल, आणि दहालाच कॉलेजवर हजर. रविवार असल्याने रोजचे वर्ग बंद, पण तळमजल्यावरच्या हॉलबाहेर ही गर्दी! दारावर कागद चिकटवलेला, स्केचपेनने ठळक लिहिलेलं: 'एच. आर. इंटरव्ह्यू'. खाली बाण.

तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं? बाणाच्या दिशेनेच गेला असता ना? मीही गेलो!

आत वीसेक जण बाकांवर बसलेले. कोणाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, कोणाच्या पायात स्लिपर. मी मनात म्हटलं, वा! शिक्षण तळागाळात पोहोचलं. मला बघून सगळ्यांनी सरकून जागा दिली. एकाने तर नमस्कारच केला.

माझं नाव कोणी पुकारलं नाही. आतल्या खोलीच्या दारातून एक जण हात करून म्हणाला, "चलो, टायवाले, आप आ जाओ." टेबलामागे जाडजूड चष्मेवाले एक साहेब. समोर पाटी नाही, पण सगळे त्यांना देसाईसाहेब म्हणत होते.

त्यांनी माझ्या टायकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कितना पढ़ा है?"

"बी. कॉम., सर. फर्स्ट क्लास."

"अरे भाई, ग्रॅज्युएट टिकता नहीं," ते वैतागून म्हणाले आणि शेजारच्याला सांगितलं, "दसवी पास लिख दे."

मला धक्का बसला. पदवी काढून घेतली की हो माझी! पण लगेच जिग्नेश आठवला. उल्टा-सीधा. घाबरायचं नाही. मी हसलो.

"आठ घंटा खड़ा रह सकता है?"

शनिवार-रविवार पूर्ण दिवस तासिका असतात हे मला माहीत होतं. पण उभं राहून? शिस्त कडक दिसते, म्हटलं. "सर, शिकायचं असेल तर माणूस बारा तासही उभा राहील."

"बारह?" साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "सारू, सारू. वजन कितना उठाएगा?"

आता हा प्रश्न मला फार खोल वाटला. मी दोन क्षण डोळे मिटले. "सर, ओझं लादलेलं असेल तर पाच किलोही जड. आपणहून घेतलेलं असेल तर कितीही हलकं."

साहेब शेजारच्याकडे वळले. "शुं बोले छे आ?"

शेजारचा म्हणाला, "सर, उठा लेगा बोलता है."

"पचास किलो की बोरी है, भाई."

"चालेल सर," मी हसतच होतो.

"अभी कहीं काम पे है?"

"हो सर, नरोलीत. ते सांभाळून हे करणार."

देसाईसाहेबांचा पेन थांबला. "दोनों जगह? एक साथ?"

"वेळेचं नियोजन, सर!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग थकल्या आवाजात विचारलं, "जूते का नंबर?"

इथे मात्र माझी मती गुंग झाली. मास्टर्सला बुटाचा नंबर कशाला? पण युनिफॉर्म असेल, असं मनाला समजावून मी आठ सांगितलं. त्यांनी आठ लिहिलं आणि म्हणाले, "बाहर सबके साथ बैठो. साथ में बात करेंगे."

साथ में बात! म्हणजेच ग्रुप डिस्कशन!

मी बाहेर येऊन टायची गाठ घट्ट केली. सगळे आपले गुमान बसलेले. कोणी बोलेचना. म्हटलं, दिलीप, हीच वेळ आहे. जो पहिला बोलेल तो लीडर.

"मित्रांनो!" मी एवढ्या जोरात बोललो की कोपऱ्यातला एक जण झोपेतून दचकून उठला. "बाकं गोलात घ्या. आपण चर्चा करू. विषय, कामगारांच्या अपेक्षा!"

मानव संसाधनाला याहून चांगला विषय कुठला? बाकं गोल झाली. माझ्या शेजारी साक्रीकडचा भटू म्हणून एक जण होता. तिशीचा, खांद्यावर टॉवेल. त्याने विचारलं, "भाऊ, तुमीन कोठला शेतस?"

"अमळनेर."

"मंग आपलाच!" तो खूश होऊन सगळ्यांना म्हणाला, "बोला रे, भाऊ इचारी राह्यनात ते सांगा."

आणि काय सांगू, चर्चा अशी रंगली! मला वाटलं होतं पुस्तकी मुद्दे येतील. पण ही मंडळी काय जिवंत उदाहरणं देत होती! नरोलीहून राखोलीला कंपनीत पोहोचायला रिक्षा मिळत नाही, पहाटेच्या पाळीला पायपीट होते, कंपनीने बस द्यावी. कँटीनचं वरण कुठल्याही कंपनीत पाण्यासारखं असतं. सुट्टीच्या दिवशी फोन करून बोलावतात. सेफ्टी शूज एकाच मापाचे येतात. मी भराभर फाइलच्या मागे लिहून घेत होतो आणि मनात म्हणत होतो, केवढी तयारी करून आलीत ही माणसं! यांच्यापुढे माझा निभाव लागायचा नाही.

म्हणून मी शेवटचा हुकमी एक्का काढला. समारोप! उभा राहिलो आणि एकेक मुद्दा मोठ्याने वाचला. प्रत्येक मुद्द्याला सगळे "बरोबर!" म्हणायला लागले. तिसऱ्या मुद्द्यापासून टाळ्या सुरू झाल्या. बसचा मुद्दा आला तेव्हा तर भटूने टॉवेलच हवेत फिरवला.

आवाज ऐकून देसाईसाहेब धावत बाहेर आले.

"ये क्या चल रहा है?"

मी पुढे होऊन नम्रपणे म्हटलं, "सर, आमचं एकमत झालंय."

"एकमत? किसका एकमत?"

"आमच्या ग्रुपचं. चार मुद्दे आहेत."

साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. आवाज खाली आणून, एकेक शब्द तोडत त्यांनी विचारलं, "इन में... लीडर... कौन है?"

अहो, याच प्रश्नाची तर मी सकाळपासून वाट बघत होतो! मी एक नाही, दोन्ही हात वर केले. "मी सर! मी! सुरुवात मीच केली! हवं तर यांना विचारा!"

"हो हो, भाऊच लीडर शे!" सगळे एका सुरात ओरडले.

"वॉचमन!" साहेब किंचाळले. "इस युनियनवाले को बाहर निकालो!"

युनियनवाला? मी? पण वॉचमनने माझं बखोट धरलंसुद्धा. मागे काय झालं असेल? भटू उठून उभा राहिला. "भाऊ जाई ते आम्ही बी जासूत!" आणि त्याच्यामागे बाक वाजवत सगळेच्या सगळे उभे! देसाईसाहेब दोन्ही हात पसरून दारात आडवे. "अरे बैठो, बैठो भाई! सोमवार को मशीन चालू करना है! बस का देखते हैं!"

मला तर काहीच कळेना. माझी सीट गेली, की हाही परीक्षेचाच भाग? दाराबाहेर आणून वॉचमनने माझ्या फाइलमधून डोकावणारी मार्कशीट पाहिली.

"शिकलेले दिसता. हेल्परच्या भरतीत कशाला शिरलात?"

"हेल्पर? अहो, हा एच. आर. चा इंटरव्ह्यू ना?"

"एच. आर. वालेच घेतायत की! कंपनीचे साहेब आहेत ते. रविवारी कॉलेजवाले हॉल भाड्याने देतात. तुमचं ते कॉलेजचं दुसऱ्या मजल्यावर."

घड्याळात सव्वाबारा.

जिना कसा चढलो मला आठवत नाही. वर सामंत मॅडम, कोर्सच्या प्रमुख, मुंबईहून आलेल्या, करारी बाई, फायली बांधून उठतच होत्या. माझा टाय पाठीवर गेलेला, शर्टाची एक बाही वर.

"अकराची वेळ होती," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी दहालाच आलो होतो. खाली अडकलो."

"खाली? तो गोंधळ चाललाय तिथे?"

"हो मॅडम. त्या कामगारांशी बोलत होतो, त्यांच्या अडचणी..." खरं सांगतो, मी पुढे सगळं सांगणारच होतो. पण त्यांनी माझ्या हातातली फाइल ओढून मागची बाजू वाचायला सुरुवात केली. बस. कँटीन. शूज. वाचता वाचता त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

"सकाळपासून इथे बारा जण आले. सगळ्यांनी पुस्तकातल्या व्याख्या घोकून आणल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मुलाखतीआधी कामगारांत जाऊन बसलेले तुम्ही पहिलेच."

मी तोंड उघडलं. मंगलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि मी नुसती मान डोलावली. प्रवेश मिळाला.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सिल्वासा केवढं? दुसऱ्या सत्रात मॅडमनी जाहीर केलं, आज उद्योगातले एक अनुभवी अधिकारी पाहुणे म्हणून शिकवायला आलेत. दार उघडलं आणि देसाईसाहेब आत!

मी बाकाखाली पेन शोधायला लागलो. पंधरा मिनिटं शोधत होतो.

"आज मैं एक सच्ची केस बताता हूँ," साहेब म्हणाले. "हमारी भरती में एक आदमी घुस आया. रेड टाय पहन के! हेल्पर की भरती में! एक घंटे में उसने बीस लोगों को खड़ा कर दिया. हमको नरोली से बस चालू करनी पड़ी. आज भी चलती है." त्यांनी वर्गावर नजर फिरवली. माझ्यावरूनही फिरवली. त्यांच्या लक्षात फक्त टाय राहिला होता. "बताओ, कौन होगा वो?"

वर्ग पेटला. कोणी म्हणालं, दुसऱ्या कंपनीने पाठवलेला असणार. कोणी म्हणालं, आठ दिवस टेहळणी केली असणार. एक मुलगी म्हणाली, टाय हा मानसिक दबावाचा डाव होता. मला राहवेना. मी हात वर केला.

"सर, कदाचित... तो खोली चुकला असेल?"

अख्खा वर्ग खो-खो हसला. साहेबही हसले. डोळे पुसत म्हणाले, "भाई, इंडस्ट्री में कितने साल?"

"नऊ, सर."

"नौ साल में आदमी को पहचानना नहीं सीखा? इतना बेवकूफ कोई होता है क्या?"

मी खाली बसलो.

पुढच्या महिन्यात अंतर्गत परीक्षेत तोच प्रश्न आला: सदर व्यक्तीच्या स्वभावाचे विश्लेषण करा. मी शहाणा झालो होतो. लिहिलं, ती व्यक्ती अत्यंत चाणाक्ष, थंड डोक्याची, समूहमन ओळखणारी आणि प्रत्येक पाऊल विचारपूर्वक टाकणारी होती. वर्गात सर्वाधिक गुण मला! मॅडमनी उत्तर वाचूनही दाखवलं.

पेपर घरी आणला. मंगलाने चष्मा लावून सगळं उत्तर वाचलं. "छान लिहिलंय हो. पण कोण हा एवढा हुशार माणूस?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "मी!"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पेपरकडे. मग काळजीच्या सुरात म्हणाली, "अहो, हा पेपर परत कॉलेजात नेऊ नका. तो माणूस तुम्ही आहात हे कळलं, तर सगळं उत्तर चूक धरून नापास करतील तुम्हाला!"