वर गेलेली शिल्लक

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी अजूनही सांगतो आणि मान वर करून सांगतो. एम.ए.ला माझा प्रबंध होता तो मुंबई इलाखा आणि कलकत्त्याचं हिंदुस्थान सरकार यांच्यातल्या पैशाच्या भांडणावर. इंग्रजी राज्यात कर गोळा व्हायचा प्रांतात, पण त्यावर हक्क वरच्या सरकारचा. दर काही वर्षांनी दोघांचा करार नव्याने व्हायचा. त्या वेळी ज्या प्रांताने काटकसर करून शिल्लक ठेवली असेल, नेमका त्याच्यावरच कलकत्त्याचा डोळा. ज्याने सगळं उडवलं, त्याच्याकडून घेणार काय? तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मग मुंबईने काय करायला हवं होतं?"

मी म्हणालो, "हिशेब स्वच्छ ठेवून तत्त्वावर भांडायला हवं होतं."

ते हसले. मला फर्स्ट क्लास मिळाला.

असल्या विषयावर नोकरी कोण देणार? टॅली शिकलो आणि अबुधाबीला मुसफ्फामध्ये एका फॅब्रिकेशन कंपनीच्या शाखेत अकाउंटंट म्हणून लागलो. कंपनीचं हेड ऑफिस शारजाला, हमरिया फ्री झोनमध्ये. आमच्या शेडमधले अकरा वेल्डर आपल्याकडचे, बहुतेक सिंधुदुर्गातले. त्यांच्यातलेच फोरमन तर माझ्याच तालुक्यातले, पन्नाशीचे. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला मास्तर. घरी मी मालवणीच बोलायचो, पण तिथे मुद्दाम पुस्तकी मराठी बोलायचो. शिकलेला माणूस आहे हे लोकांना कळायला नको?

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या लेबर कॅम्पवर जेवायला गेलो होतो. बांगड्याची कढी होती. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तरानू, सतरा वर्षां तुम्ही शिकलात तरी काय?"

मी कढी थंड होईपर्यंत मुंबई आणि कलकत्ता समजावून सांगितलं.

"म्हंजे वरचे शिल्लक बघून खाली हात घालीत?" काका म्हणाले. "मगे आधीच खर्च करून टाकूचो ना! इतक्यासाठी पुस्तक कित्याक लिवलास?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून राग आला होता.

दोन हजार आठ सरता सरता दुबईतली कामं थांबली आणि आमच्या ऑर्डरी एकेक करून रद्द व्हायला लागल्या. अकराही जणांना परत पाठवायचं ठरलं. करार संपायला दोन महिने होते. शाखेचे मॅनेजर पुण्याचे, माणूस चलाख. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे बघ, यांची तिकिटं आजच बुक कर आणि ग्रॅच्युइटी आत्ताच सेटल करून टाक. माझी सही घे. आपला रिझर्व्ह दिसला ना, की हमरियावाले उचलतील."

हा रिझर्व्ह म्हणजे माझा अभिमान होता. कामगारांची तिकिटं आणि सर्व्हिसचे पैसे यासाठी मी तीन वर्षं दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला ठेवत आलो होतो. कंपनीच्या दुसऱ्या कुठल्याच शाखेत असं काही नव्हतं.

"सर, सेटलमेंट शेवटच्या दिवशी होते. नियम आहे."

"अरे, नियम कोण बघतंय आता?"

"मी बघतो," मी म्हणालो. त्यांनी हात जोडले आणि फोन उचलला.

संध्याकाळी काका दारात उभे. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. गावच्या तिठ्यावर वेल्डिंगचं दुकान टाकायचं म्हणून त्यांनी गाळा ठरवून ठेवला होता, डिपॉझिटही भरलं होतं. अकरा वर्षांच्या नोकरीचे सात हजार सहाशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे आपले लाखभर रुपये, येणार होते आणि त्यातून मशीन घ्यायचं होतं.

"मास्तरानू, आत्ताच दिऊन टाका. वर गेलेले पैसे खाली येनत नाय."

"काका, तुमचा आकडा कागदावर आहे. त्याला कोणी हात लावू शकत नाही."

ते तसेच कॅम्पवर परत गेले. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. आज तेच जास्त बोचतं.

त्याच आठवड्यात हेड ऑफिसने सगळ्या शाखांची आर्थिक विवरणपत्रं मागवली. मी आमचं मन लावून बनवलं. रिझर्व्हची रक्कम वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरात, खाली टीप: ही रक्कम कामगारांची आहे. मला वाटलं, हमरियात कोणीतरी म्हणेल, बघा, मुसफ्फाची शाखा कशी चालते. खरं सांगायचं तर शाबासकी हवी होती. ज्या चुकीवर मी प्रबंध लिहिला, तीच चूक मी स्वच्छ अक्षरात, वेळेच्या दोन दिवस आधी पाठवून दिली.

तीन दिवसांनी आमच्या खात्यातून ती सगळी रक्कम हमरियाला गेली. दुबईच्या शाखेने नव्या केबिन आणि दोन गाड्या घेऊन खातं कधीच रिकामं केलं होतं. पगार थकल्यामुळे उलट तिलाच मदत पाठवली गेली, आमच्याच पैशातून. मी तीन पानांची मेल लिहिली. शाखेचा हक्क, हेड ऑफिसची मर्यादा, विश्वासाने ठेवलेला पैसा, सगळं मुद्देसूद. उत्तर आलं, "नोटेड." मग फोन केला. तिथला फायनान्सवाला हसून म्हणाला, "भाई साब, कंपनी एक है तो जेब भी एक है. अगले क्वार्टर में देखेंगे, इन्शाल्ला."

पुढच्या क्वार्टरला हेड ऑफिसमध्ये फोन उचलणारंच कोणी राहिलं नाही.

अकरा जण गेले ते तिकीट आणि एक महिन्याचा पगार घेऊन, तेही मॅनेजरांनी कुठून तरी उभं केलं म्हणून. लेबर ऑफिसात तक्रार करू, असं मी म्हणत होतो, पण व्हिसा संपत आले होते आणि थांबून खायचं काय? कॅम्पच्या बसपाशी मी काकांच्या हातात पाकीट ठेवलं. माझे स्वतःचे चार हजार दिरहम होते.

त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. "तुमचे पैसे माका कित्याक? माझे कंपनीकडे आसत." पाकीट माझ्या खिशात परत घातलं आणि बसमध्ये चढले. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करून घाई करत होता.

मला पुढे दुसरी नोकरी लागली, चांगली लागली. आता अबुधाबीतच अल रीम बेटावर राहतो, खिडकीतून समुद्र दिसतो. माझ्यावर कोणी कधी ठपका ठेवला नाही. मॅनेजरसुद्धा कधी 'मी सांगत होतो' असं म्हणाले नाहीत.

पाच-सहा वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा तिठ्यावर गाडी थांबवली. वेल्डिंगचं दुकान होतं. पाटीवर नाव दुसऱ्याच कोणाचं. आत काका एका गेटला सांधा मारत होते, रोजंदारीवर. मला बघून त्यांनी तोंडावरची काच वर केली, हात पुसले, मालकाला चहा सांगायला लावला. सगळ्यांची विचारपूस झाली. पैशांचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. मी निघताना ते म्हणाले, "मास्तरानू, एक विचारूचा रवला. तुमच्या पुस्तकातल्या त्या मुंबयवाल्यांका तरी गावले काय ते पैसे?"

चेष्टा नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दोनशे पानांत याचं उत्तर मी सरळ एका वाक्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"नाय, काका," मी म्हणालो. "नाय गावले."

त्यांनी मान हलवली, काच खाली ओढली आणि गेटकडे वळले.