झेलिगचा हात आणि पाऊण पौंड

झेलिग पोमेरांत्सला पास्त्रामी कापायची सुरी बापाकडून मिळाली होती, आणि बापाने ती थेट रुमानियाहून आणली होती. ब्रुकलिनमध्ये हेशीच्या डेलीत, म्हणजे ज्यू खाणावळीत, काउंटरमागे उभा राहून तो एक्केचाळीस वर्षं हे मसाल्यात मुरवलेलं, वाफाळतं मांस कापत आला होता. वर मिरी-धण्यांचा काळा थर, आत गुलाबी मांस, राय धान्याचा ब्रेड आणि मोहरी; याउपर काही मागणाऱ्याची तो मनापासून कीव करी. खोड एकच. गिऱ्हाईक रोड दिसलं की त्याच्या हाताला आवर नसे. गुबगुबीत वकिलाला पाऊण पौंड, तर कॉलेजातल्या काडीपैलवानाला सव्वा.

मालक हेशी याला विटला होता. त्याने कापायचं यंत्रही बघून ठेवलं होतं. त्यात मेनूच्या पाटीवर उष्मांक लिहायची टूम निघाली, म्हणजे प्रत्येक सँडविच सारख्याच वजनाचं हवं. "आज आहारतज्ज्ञ बाई येणारेत," त्याने बजावलं. "तीन सँडविचं, तिन्ही पाऊण पौंड. एक जरी चुकलं तर उद्या यंत्र इथे आणि तू घरी."

"घरी? दिवसभर? अरे, तिथे फ्रुमा असते!" झेलिग खरोखरच घाबरला.

बायकोलाही तीच धास्ती, म्हणून फोनवर तोडगा तिनेच काढला. "तोंडाकडे बघूच नका कुणाच्या. मान खाली."

बाई वजनकाट्यापाशी येऊन उभी राहिली, आणि मान खाली घालून त्याने दोन सँडविचं कापली. दोन्ही पाऊण पौंड. हेशीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"तिसरं मीच घेते," आहारतज्ज्ञ ब्लूमा म्हणाली. "चरबी नको हं, काका. सकाळपासून नुसती काकडी खाल्लीय."

नुसती काकडी! झेलिगची मान वर झाली. पोरगी कसली, कोट टांगायची खुंटी! मग कुठलं यंत्र आणि कुठलं काय. "तुला आई नाही का गं?" म्हणत त्याने चरबीसकट सपासप कापलं. भानावर आला, तेव्हा ब्रेडचा वरचा तुकडा ढिगावर डगमगत होता.

"सव्वा पौंड," वजन बघून हेशी गोड आवाजात म्हणाला. "संपलं, झेलिग."

ब्लूमाने झेलिगचा पांढरा पडलेला चेहरा पाहिला. मग वजनकाट्यावरचाच एक काप उचलून तोंडात टाकला. मग दुसरा, चरबीसकट. डोळे मिटून, बोटं चाटत ती खात राहिली. काटा बरोबर पाऊण पौंडावर उतरला, तेव्हा तिने वहीत लिहिलं: तिन्ही सारखी.

"आणि जे गिळलंत ते?" हेशी किंचाळला.

"ती चव. कापणाऱ्याने गिऱ्हाइकाला आधी चव द्यायचीच असते ना? चवीचं वजन कधी कुणी धरलंय का?"

हेशीने सँडविच काट्यावरून उतरवलं. तो रिवाज त्याच्याच आजोबांनी पाडला होता.

झेलिगने ॲप्रनला डोळे पुसले. "पोरी," तो म्हणाला, "मोहरी लावायची राहिली गं. ही चव धरू नकोस, पुन्हा घे."