अंगावर पाजणाऱ्या अश्विनीची गोळी

मेडिकलच्या काउंटरमागं दहा-बारा वर्षं काढली की किश्श्यांना तोटा नसतो. बहुतेक गिऱ्हाइकांच्या फजितीचे! हा मात्र माझ्या फजितीचा. सांगताना अजून मान वर होत नाही.

*

पाटणच्या आमच्या दुकानात अश्विनी दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली. नेहमीची थायरॉइडची गोळी मागितली आणि हळूच म्हणाली, "म्याडम, अंगावर पाजते. चालंल न्हवं?"

दुकानात ही गर्दी! मी वर न बघताच सांगितलं, "बाळ पितंय तोवर बंद ठेवा. रिस्क कशाला?"

'डॉक्टरांना विचारा' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण मी डी. फार्म. झालेली ना!

*

दीडेक महिन्यानं तिची सासू आली. "सून नुसती झोपून असती. दूधबी पुरंना. आळस घालवायचं औषध हाय का?"

"आहे की, तुमचा आवाज!" मी म्हणाले. सगळं दुकान हसलं. सगळ्यात मोठ्यानं मीच.

*

मग अश्विनीच आली. चेहरा सुजलेला, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. "बाळाच्या डोसला गेलेवते, तवा डॉक्टरांनी मलाच तपासलं. म्हणले, ही गोळी पाजतानाबी घ्यायचीच. दुधातनं अगदी जराशी जाती, बाळाला काय व्हत न्हाई."

मी चिठ्ठी उलटसुलट करत विचारलं, "बंद करायला कुणी सांगितलं, ते विचारलं असेल ना?"

"इचारलं की. मी म्हणलं, आठवत न्हाई."

*

तिचा नवरा फौजेत. दोनच दिवसांनी त्याचा दुकानात फोन! "म्याडम, गोळी कुणी बंद करायला लावली, ही नाव सांगंना. तुमाला काय म्हाईत हाय का?"

मी म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही!" आणि फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

*

रविवारी त्यांच्या घरी गेले. सासू ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "मावशी, गोळी मीच बंद करायला लावली. तिची झोप, सूज, दूध कमी होणं, सगळं त्यानंच. तिचा काही दोष नव्हता."

मला वाटलं, आता शिव्या! पण तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. आतल्या खोलीत अश्विनी बाळाला पाजत होती, तिकडं बघत म्हणाली,

"तुमी निस्ती गोळी बंद केली, म्याडम. मी तर तिच्यासंगं बोलायचंच बंद केलंवतं."